लाल पानाचे दोन पट्टे

आमच्या ज्युनिअर कॉलेजात कुठलाही प्रयोग कधी फसला नाही. मुलुंडच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जीवशास्त्राची लॅब होती आणि तिथे निसर्ग अगदी शिस्तीत वागायचा. याचं कारण असं की निष्कर्ष आम्ही आधीच लिहून ठेवायचो. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मिळवायचं, सुट्टीत बसून उतरवून काढायचं, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी पांढरा एप्रन चढवून लॅबमध्ये जायचं ते केवळ हजेरीपुरतं. ज्यांच्याकडून आम्ही उतरवायचो त्यांनीही ते कुणाकडून तरी उतरवलेलंच असायचं. मुळात तो प्रयोग पहिल्यांदा कुणी केला, की कुणीच केला नाही, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मार्क भरघोस पडत होते, मग प्रश्न कशाला पाडून घ्यायचे?

बारावीला पानातले रंग वेगळे करायचा एक प्रयोग असतो. पालकाची पानं वाटून त्यांचा रस काढायचा, गाळण-कागदाच्या लांब पट्टीवर खाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि त्या रेघेवर रसाचा ठिपका द्यायचा. तो वाळला की त्यावरच दुसरा, मग तिसरा. मग ती पट्टी उभ्या बरणीत टांगायची. बरणीच्या तळाशी पेट्रोल पंपासारखा वास येणारं द्रावण असतं. ते कागदावरून हळूहळू वर चढतं, जाताना ठिपक्यातले रंग सोबत नेतं, आणि प्रत्येक रंग आपापल्या उंचीवर मागे राहतो. सगळ्यात वर केशरी, त्याखाली पिवळा, मग निळसर हिरवा आणि शेवटी पिवळट हिरवा. असे चार पट्टे. कुठला पट्टा किती चढला त्याला द्रावण किती चढलं त्याने भागायचं आणि आलेला आकडा जर्नलमध्ये लिहायचा. म्हणजे लिहिलेला असायचाच.

या प्रयोगाची सगळ्या वर्गात फक्त मला भीती वाटत होती.

त्याचं कारण सांगण्याआधी घरचं सांगायला हवं. आम्ही भांडुपला राहायचो. आई मालवणची, अगदी किनाऱ्यावरची, आणि बाबा कणकवलीच्या आतल्या गावचे. दोन गावांत एसटीचं अंतर फारसं नाही, पण आईच्या लेखी ते दोन वेगळे खंड होते. मामा जहाजावर खलाशी होता. कुठल्या कुठल्या बंदरातून त्याचे फोन यायचे, आणि त्या दिवशी आई स्वयंपाक करताना गुणगुणायची. तिचं एकच स्वप्न होतं: भाऊ खलाशी झाला, मुलाने ऑफिसर होऊन जहाजावर जायचं. मामासुद्धा सलाम ठोकेल अशा ड्रेसमध्ये.

बाबा पवईच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टचा मेंटेनन्स बघायचे. दिवसभर लोकांना वर-खाली नेऊन घरी आले की त्यांचा आवडता उद्योग सासरच्यांना खाली आणण्याचा. आईशी ते मालवणीत बोलायचे.

"तुझो भाव काय बोट चलयता? डेक पुसता तो."

"पुसता तर पुसता. दर्यार आसा. तुमच्यातलो कोण व्हाळाच्या पलीकडे तरी गेलो काय?"

व्हाळ म्हणजे बाबांच्या गावचा ओढा. हे रोजचं होतं. माझं नाक वाहिलं तर ते बाबांच्या घराण्याचं, गणितात मार्क पडले तर ते आईच्या. मी सायन्स घेतलं ते आईसाठी, आणि त्यात बायोलॉजी ठेवलं ते बाबांच्या आग्रहाने. "बोट बुडाली तर डॉक्टर हो," असं ते म्हणायचे. त्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच सोप्या वाटत असाव्यात.

मर्चंट नेव्हीची सगळी माहिती मी अकरावीतच वाचून काढली होती. त्यात मेडिकलचा एक भाग होता आणि त्यात लिहिलं होतं की उमेदवाराला रंग नीट ओळखता आले पाहिजेत. कारणही दिलं होतं. समोरून येणाऱ्या जहाजाच्या एका बाजूला लाल दिवा असतो, दुसऱ्या बाजूला हिरवा, आणि त्यावरून ते कुठे चाललंय ते ठरवायचं असतं. ते पान मी घरी कुणाला दाखवलं नाही.

मला रंग दिसतात. लोकांना वाटतं तसं सगळं काळं-पांढरं नसतं. फक्त काही रंग जुळ्या भावांसारखे आहेत. मला ते दोघेही दिसतात, पण कोण कुठला ते सांगता येत नाही. लहानपणापासून मी त्यावर तोडगे काढत आलो होतो. रंगपेटीतल्या पेन्सिलींवर रंगांची नावं छापलेली असतात, हे पेन्सिल बनवणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. सिग्नलचा लाल वर असतो. गावाहून आंब्याची पेटी आली की पिकलेले निवडायचं काम बाबा मला द्यायचे. मी एकेक आंबा नाकाशी नेऊन, देठाजवळ हलकेच दाबून बाजूला काढायचो. बाकीच्यांना नुसतं बघून कळतं हे मला कितीतरी उशिरा कळलं. बाबा मात्र शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, "बघा, पक्का कोकणी. नाकाने निवडतो." कधी घोटाळा झाला, हिरवा दोरा मागितल्यावर भलताच दिला, तर मी वेंधळा ठरायचो. तो शिक्का मला चालायचा. वेंधळ्याला मेडिकलमध्ये नापास करत नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने मी बारावीपर्यंत पोचलो होतो, आणि आपल्या शिक्षणपद्धतीने मला त्यात फार मोलाची साथ दिली. इतक्या वर्षांत एकदाही कुणी मला "तुला काय दिसतं?" असं विचारलं नाही. पुस्तकात काय दिलंय एवढंच विचारलं, आणि ते मला तोंडपाठ होतं.

मग नवीन मॅडम आल्या. आमच्या नेहमीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर एक तरुण बाई आल्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला घाई असते असा आमचा अनुभव होता. या बाईंना नव्हती. त्यांनी पहिल्याच दिवशी एकाचं जर्नल उघडलं, अजून न झालेल्या प्रयोगाची निरीक्षणं त्यात वाचली आणि म्हणाल्या, "अरे वा, तू तर भविष्य सांगतोस." आम्ही हसलो. जर्नल उतरवणं चालूच ठेवलं.

पानांच्या रंगांचा प्रयोग जानेवारीत आला. त्या दिवशी मॅडमनी पालक आणलाच नाही. रस त्यांनी आधीच काढून ठेवला होता, एका गडद तपकिरी बाटलीत. प्रत्येक टेबलाला त्यातला थोडा थोडा दिला. कुणी काही विचारलं नाही. पानं वाटायचं काम वाचलं, एवढाच त्याचा अर्थ होता. माझ्या टेबलावर घाटकोपरची एक मुलगी माझी पार्टनर होती. तिने पटापट ठिपके दिले, पट्टी टांगली आणि लगेच चार पट्ट्यांची आकृती रंगवायला घेतली. बरणीकडे तिची पाठ होती.

मी मात्र बरणीकडे टक लावून होतो. रंगाचा भरवसा नसलेला माणूस बाकी सगळं फार बारकाईने बघतो. पट्टा कुठे आहे, गडद किती, कडा कशी आहे, हे मला चांगलं दिसायचं. माझा बेत असा होता की चार पट्टे दिसले की वरून खाली पुस्तकातली नावं द्यायची आणि सुटायचं. द्रावण वर चढत गेलं. एक पट्टा दिसला. त्याखाली दुसरा दिसला. मग काहीच नाही. अगदी खाली, पेन्सिलीच्या रेघेवर, एक डाग तसाच बसून होता, जागचा हलायला तयार नव्हता.

मी डोळे चोळले. दोनच. आजवर मला रंग ओळखता येत नव्हते, आता ते दिसेनासेच झाले होते. हिरव्याचे दोन अख्खे पट्टे सगळ्या वर्गाला दिसत होते, सगळे ते रंगवत होते, आणि माझ्यासाठी कागद कोरा होता. मी पार्टनरच्या जर्नलकडे बघून पेन्सिल उचलली, आणि तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय दिसतंय?"

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न आला आणि माझी काहीच तयारी नव्हती. "दोन," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"आणि खाली?"

"खाली डाग आहे. तो हललाच नाही."

"तेच लिही," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

"अरे, दोन काय लिहितोस? वाट लागेल," पार्टनर कुजबुजली. वाट लागलेलीच होती. मी दोन पट्टे काढले, खाली डाग काढला, आणि मनातल्या मनात जहाजाला निरोप दिला.

तास संपताना मॅडमनी सगळी जर्नलं टेबलावर मागवली. एकेक उघडली, मिटली, आणि शेवटी माझं उचलून वर धरलं. "सबंध बॅचमध्ये एका मुलाने आज डोळे उघडे ठेवले होते," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी जे चार पट्टे काढलेत ते आज या लॅबमध्ये नव्हतेच."

मला उभं करून त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. दोन पट्टे खरोखरच दोन होते, हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागलो. वर्गातले सगळे धडधाकट डोळे खोटे ठरले होते आणि माझे तेवढे खरे निघाले होते. तेवढ्यात मॅडमनी पिशवीतून देशी बदामाचं एक रुंद पान काढलं. कॉलेजच्या कंपाउंडमधल्या झाडाचं होतं. ते उंच धरून त्या मला म्हणाल्या, "आता तूच सांग यांना. रस या पानाचा होता. कुठल्या रंगाचं आहे हे?"

कौतुकाने माझं डोकं फिरलेलं होतं. "हिरवं, मॅम," मी खणखणीत आवाजात सांगितलं.

सगळा वर्ग खो-खो हसला. त्यांना वाटलं मी मॅडमची फिरकी घेतोय. मागून कुणीतरी "झकास!" म्हणून ओरडलंसुद्धा. जानेवारीत बदामाची पानं लालभडक होतात हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पान लाल झालं की त्यातला हिरवा उरत नाही, म्हणून तर पट्टे दोनच आले होते. मॅडमही हसल्या. मग माझ्याकडे बघता बघता त्यांचं हसू थांबलं.

मुलं गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. टेबलावर बदामाची दोन पानं ठेवली. "यातलं लाल कुठलं?" मी हात पुढे केला, कारण लाल होऊन गळालेलं पान हाताला कोरडं लागतं. "हात न लावता," त्या म्हणाल्या. मी नुसता बघत राहिलो. दोन्ही पानं छान होती.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"पुढे काय करायचंय?"

"मर्चंट नेव्ही."

"अरे यार," मॅडम म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. शिक्षकाच्या तोंडून 'यार' ऐकायची माझी ती पहिलीच वेळ, आणि त्या एका शब्दावरून मला कळलं की हे प्रकरण पाठांतराने निभणारं नाही. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. घरी मी बोलू का?" मी नको म्हटलं.

घरी मी एवढंच सांगितलं की डोळे दाखवायचे आहेत. आईला वाटलं चष्मा. घाटकोपरला एक डॉक्टर चांगले आहेत असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिथे डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. त्याच्या पानापानावर रंगीत ठिपक्यांचा गोल आणि त्या ठिपक्यांत लपलेला एक आकडा असतो. आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

"काय आकडा दिसतो?"

"एकवीस," मी म्हणालो.

"चौऱ्याहत्तर रे!" आईने मला कोपराने ढोसलं. "नीट बघ ना."

"बाई, तुम्ही नका सांगू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पान उलटलं. मला नुसते ठिपके दिसत होते, आणि शेजारून आईचा दबका आवाज आला, "सहा... सहा म्हण." माझ्या शाळेच्या तोंडी परीक्षेला ती अशीच दाराबाहेर उभी राहून ओठ हलवायची. डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं नाही, ते भले गृहस्थ होते. पुढच्या पानावर ती आपणहून गप्प झाली. तिला कळलं होतं. उरलेली पानं मी तिच्यासमोर एकेक करून चुकवली, आणि ती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं की हे जन्मापासूनचं आहे, यावर इलाज नाही, काळजीचंही काही नाही. फक्त जहाज, रेल्वेचं इंजीन, विमान, असली कामं सोडून द्यायची. मग त्यांनी आईला सहज विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला आहे का असं? वडील, भाऊ?"

"छे! माझा भाऊ तर जहाजावर आहे," आई म्हणाली. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

माझ्याकडे बघायचं कारण मला ठाऊक होतं. बारावीच्या पुस्तकात हे सगळं आहे आणि नुकत्याच झालेल्या प्रिलिममध्ये त्यावर प्रश्नही आला होता. रंग ओळखण्याची सोय एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. बापाकडून त्याला फक्त वाय मिळतो, आणि त्यावर रंगाबिंगाचं काही नसतं. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण दोष तिच्याकडून मुलाकडे येतो. आकृती काढून, बाण दाखवून मी ते उत्तर लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क मिळवले होते.

रिक्षाने विक्रोळी मागे टाकल्यावर आईने विचारलं, "हे कुणाकडनं येतं रे? तुम्हाला शिकवतात ना?"

"कुणाकडनंही येतं," मी म्हणालो.

"म्हणजे माझ्याकडनं नाही ना?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला जे करावंसं वाटलं ते मी केलं. "नाही गं," असं सांगितलं. तिने डोळे पुसले, आणि भांडुप येईपर्यंत सगळा दोष बाबांच्या गावाला लावून ती मोकळी झाली. त्यांच्याकडचे सगळेच तसे, एक काका नाही का लग्नात दोन रंगांचे मोजे घालून आला होता! घरी पोचल्यावर तिने बाबांना तेच ऐकवलं, आणि या वेळी त्यात नेहमीची थट्टा नव्हती. "तुमच्याकडसून इला. झिलाचा जहाज गेला," म्हणून ती लेकासाठी रडली. बाबा हात धुवायला उठले. इतक्या वर्षांत आईला उलट उत्तर न देता उठलेले मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

मी आता दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो आहे. तिथे सगळं पांढऱ्यावर काळं असतं, निदान कपडे तरी. तेव्हा मात्र पुढचे काही दिवस मला काहीच सुचत नव्हतं. जहाज माझं की आईचं हे मी कधी तपासून बघितलं नव्हतं. ते गेल्यावर कळलं की थोडं माझंही होतं.

रविवारी बाबांनी मला मासळी आणायला सोबत नेलं. बांगडे घेऊन झाले तरी ते घराकडे वळेनात. चहा मागवला, बशीत ओतला, आणि बशीकडेच बघत म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बघितलं मी ते डोळ्यांचं. मराठीत पण व्हिडिओ आहेत."

मी माझा कप उचलला.

"बापाकडून येत नाही म्हणे. बाप पोराला फक्त तो एक वाय देतो." ते जरासं हसले. "एवढंच दिलं मी तुला. तुला माहीत होतं?"

"हो. आम्हाला आहे ते."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू पण नको." त्यांनी चहा संपवला. आयुष्यभर सासरच्यांवर कुरघोडी करायला निमित्त शोधणाऱ्या माणसाच्या हातात हुकमाचा एक्का आला होता. तो कधी टाकतील याची मी वाट बघत होतो. बाबांनी पैसे दिले, पिशवी उचलली आणि चालायला लागले.

घरी आलो तेव्हा आई फोनवर होती. मामाचा फोन होता, कुठल्या तरी बंदरातून. ती त्याला सगळं सांगत होती, आणि सांगता सांगता मध्येच अडखळली. मामाने पलीकडून, हे कुणाकडनं आलं, असं काहीतरी विचारलं असावं. तिने फोन कानापासून थोडा लांब धरला आणि बाबांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रिक्षातला तोच प्रश्न होता, तो तिने आता त्यांना विचारला होता.

बाबांनी बांगड्यांची पिशवी खाली ठेवली आणि मामालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "होय गो. आमच्याकडचाच आसा ता. माझ्या बापाशीक पण होता."